मशेरी लागेनाशी झाली

धोंडेवाडीच्या बेदाणा शेडमधल्या बायकांची मशेरी त्या फाल्गुनात लागेनाशी झाली आणि साऱ्या गावाचं स्वास्थ्य बिघडलं.

हे वाचून ज्यांना हसू आलं, त्यांनी कधी मशेरी लावलेली नाही. तव्यावर काळीकुट्ट भाजलेली आणि बारीक वाटलेली तंबाखू बोटावर घ्यायची, हिरड्यांवर चोळायची, थोडा वेळ तोंडात मुरू द्यायची आणि मग चूळ भरायची. त्यानं डोकं हलकं होतं, पोट साफ होतं, हात भराभर चालतात आणि घरच्यांच्या बोलण्याचा त्रास निम्म्यावर येतो, असं लावणाऱ्या सांगतात. दात घासायच्या निमित्तानं सुरू झालेली ही गोष्ट हळूहळू दिवसातून चार-पाच वेळा होऊ लागते. बाईनं बिडी ओढली तर गाव नावं ठेवतं. मशेरीला कुणी काही म्हणत नाही, कारण ते दात घासणं असतं.

शेडमध्ये बेदाण्याचा रंग ओळखणारी यंत्रं बसून बरीच वर्षं झाली होती. पण वाळका देठ आणि बारका बेदाणा यांतला फरक यंत्राला अजून नीट जमत नव्हता, म्हणून सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायकांची ओळ बसायची. ओळीची म्होरकी मालन जाधव. पन्नाशी ओलांडलेली, आवाजाला खणखणीत आणि माणसाला पारखून घेणारी. सकाळच्या सुट्टीत मालनची डबी ओळीतून फिरायची. एकीचं बोट डबीत, डबीतून तोंडात, आणि कमी पडलं म्हणून तेच बोट पुन्हा डबीत. एरवी दुसरीच्या तांब्याला तोंड न लावणाऱ्या बायकाही डबीचं उष्टं मानत नसत. डबीला नको म्हणणं म्हणजे ओळीलाच नको म्हणणं होतं.

"आक्का, ही कुठली तंबाखू आणलीस? नुसती राख चोळल्यागत वाटतंया," शालन म्हणाली. शालन ही मालनची शेजारीण, आणि मालनला तोंडावर बोलायची हिंमत असलेली गावातली एकमेव बाई.

"नेहमीचीच हाय. निपाणीची."

"मग भाजायचं इसरलीस. दोन चिमटी लावल्या, तरी डोक्याला काय पत्ताच न्हाय."

मालननं दुकानदाराला फैलावर घेतलं. त्यानं शपथा घेतल्या, नवा पुडा फोडून दिला. तीही मशेरी लागेना. बायकांची डोकी दुखू लागली, पोटं तुंबली, ओळीत दोन भांडणं झाली आणि बेदाण्यात देठ जाऊ लागले. आठवडा-पंधरवड्यानं डोकेदुखी आपोआप थांबली, आणि मग बायकांना आणखीच चमत्कारिक वाटू लागलं. डबी फिरायची, सवयीनं बोट आत जायचं, पण आठवण करून दिल्याशिवाय कुणी डबी मागेना.

ओळीच्या टोकाला, पाठ टेकायच्या खुर्चीवर, मालनची सून प्रतीक्षा बसायची. तिला सहावा महिना होता. हा सगळा गोंधळ तिच्यामुळं झाला होता, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

प्रतीक्षाचं हे दुसरं बाळंतपण. लग्न होऊन धोंडेवाडीला आली तेव्हा तिला मशेरीचा वासही माहीत नव्हता. पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यात उलट्यांनी ती अर्धी झाली. पाणी पोटात ठरेना. तेव्हा मालननं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटभर मशेरी हिरडीला लावली. मळमळ थांबली. मग रोजच थांबवावी लागली. तालुक्याच्या दवाखान्यात दर वेळी विचारायचे, सिगारेट ओढता का, बिडी ओढता का, दारू घेता का. आणि प्रतीक्षा दर वेळी नाही म्हणायची, आणि ते खरंच होतं. मशेरीचं कुणी विचारलं नाही, आणि दात घासण्याबद्दल आपणहून कोण सांगतं? मुलगी दिवस भरण्याआधी जन्माला आली. सव्वा किलोची होती. काचेच्या पेटीत काही दिवस तिनं हातपाय हलवले आणि मग ती गेली.

या खेपेला दवाखान्यात डॉ. शबनम मुलाणी आल्या होत्या. त्यांनी बिडी-सिगारेटचं विचारलंच नाही. "ताई, मशेरी किती वेळा लावता?" असं सरळ विचारलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मशेरीतलं निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं आणि रक्तातून वारेत. वार म्हणजे बाळाची शिदोरी पोचवणारी वाट. निकोटीननं तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. बाळाला रक्तही कमी मिळतं आणि प्राणवायूही. ते वाढतं, पण अर्धपोटी वाढतं. वरून कार्बनचा विषारी वायू येत नाही एवढाच काय तो सिगारेटपेक्षा फरक. प्रतीक्षा ऐकत होती. पहिल्या मुलीची बोटं तिला आठवत होती.

"सोडते," ती म्हणाली. घरी जाऊन तिनं सोडली आणि पाचव्या दिवशी पुन्हा धरली. हे तीनदा झालं. चौथ्यांदा ती डॉक्टरांपुढं नुसती रडली.

तेव्हा डॉ. मुलाणींनी तिला 'राखण' नावाच्या प्रयोगात घेतलं. शहरात सिगारेट ओढणाऱ्या गर्भवतींसाठी एक इंजेक्शन आधीच निघालं होतं. ते रक्तातल्या निकोटीनचे तुकडे करायचं. पण ते महाग, शीतपेटीत ठेवावं लागणारं आणि पंधरवड्याला टोचावं लागणारं. मशेरीचा मार्ग तोंडातून जात होता, म्हणून शास्त्रज्ञांनी पहारा तोंडातच बसवायचं ठरवलं. तंबाखूच्या रानातल्या मातीत काही जिवाणू असतात. वर्षानुवर्षं तंबाखूचा पाला कुजून मातीत जे निकोटीन उतरतं, तेच त्यांचं अन्न. या जिवाणूंकडं निकोटीन तोडण्याचं जे कसब आहे, त्याचा जनुक काढून माणसाच्या हिरड्यांवर राहणाऱ्या एका निरुपद्रवी जिवाणूत बसवला. ते मलम एकदा हिरड्यांना लावलं की जिवाणू तिथं घर करायचा आणि मशेरीतलं निकोटीन रक्तात पोचण्याआधीच खाऊन टाकायचा. त्याची संख्या हळूहळू वाढे, त्यामुळं निकोटीनही हळूहळू कमी होई आणि तलफ एकदम उसळत नसे. थोडी डोकेदुखी, थोडी चिडचिड, आणि मग सुटका.

हा जिवाणू भलतीकडं पसरू नये म्हणून त्याला एक कुलूप घातलं होतं. त्याला जगायला एक खास पोषकद्रव्य लागायचं, आणि ते कुठल्याच अन्नात नव्हतं. ते फक्त राखणच्या गोळीत होतं. रोज दोन गोळ्या चघळायच्या. गोळ्या बंद झाल्या की जिवाणू चार दिवसांत उपाशी मरणार. औषध आपलं आपणच घेतं माणूस, असा शास्त्रज्ञांचा हिशेब होता.

तो हिशेब धोंडेवाडीत चुकला. गोळी आवळ्याच्या चवीची होती, दिसायला पेपरमिंटसारखी. गरोदर बाईनं चौघींसमोर एकटीनंच काही तोंडात टाकलं तर त्या खाण्याला दृष्ट लागते, हे तिथं शेंबडं पोरही सांगेल. प्रतीक्षानं ओळीत बसून पाकीट फोडलं की ते आधी ओळीतून फिरायचं. "औषध हाय व्हय? ग्वाड लागतंया की," असं म्हणत बायका एकेक गोळी गालात ठेवायच्या. पाकीट संपलं की उपकेंद्राच्या दारातल्या यंत्रावर अंगठा ठेवायचा, नवं पाकीट पडायचं. यंत्राला कशाचंच नवल वाटत नसे. गोळीनं अन्न पोचवलं, डबीनं जिवाणू पोचवला, कारण ओळीला नको म्हणायचं धाडस नसल्यानं प्रतीक्षाही देखल्या देवा दंडवत म्हणून बोट डबीत घालून हिरडीला फिरवत होती. ओलसर, निकोटीननं भरलेल्या डबीत जिवाणूची चंगळच झाली.

सातवा सरत आला तेव्हा प्रतीक्षा तपासणीला गेली. बाळ छान वाढत होतं. डॉ. मुलाणींनी पडद्यावर ते तिला दाखवलं. गालही दिसत होते. रक्तात निकोटीन शून्य. प्रतीक्षानं पिशवीतून बेदाण्याचा पुडा काढून टेबलावर ठेवला.

"तुमचे उपकार कसे फेडू, मॅडम? मला आता मशेरी आठवतसुद्धा नाही. आणि गंमत सांगू? आमच्या शेडमध्ये कुणालाच आठवत नाही. आत्या तर दुकानदाराला शिव्या घालून दमल्या. मशेरी लागतच नाही म्हणतात कुणाला."

डॉक्टर हसत होत्या. मग त्यांचं हसू थांबलं.

"गोळ्या कुणाला दिल्या का, ताई?"

प्रतीक्षानं ओळीचं सगळं सांगितलं. सांगता सांगताच तिच्या ध्यानात आलं आणि तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"चूक माझी आहे," डॉ. मुलाणी म्हणाल्या. "डबीत बोट घालू नका हे मी सांगितलं होतं, गोळी कुणाला देऊ नका हे सांगायचं सुचलंच नाही. पण आता मला हे कळवावं लागेल. या जिवाणूनं त्यांना काही अपाय होणार नाही, तरी कुणाच्या तोंडात तिला न विचारता काही सोडायचा आपल्याला हक्क नाही. प्रत्येकीला सांगून, एकटीला विचारावं लागेल. सगळ्या ठेवायला तयार असतील तर पूर्ण ओळच प्रयोगात घेता येईल. एक जरी नको म्हणाली, तरी सगळ्यांना औषधी चूळ देऊन तो मारावा लागेल. नाहीतर डबीतून तो तिच्या तोंडात परत जाईल."

"माझ्या तोंडातलापण?"

"तुमच्या तोंडातलापण. आणि मग या गावात प्रयोग बंद. पुन्हा लावता येणार नाही."

प्रतीक्षाचा हात आपोआप पोटावर गेला. अजून दोन महिने होते. घरात मशेरी, शेडमध्ये मशेरी, आणि तीनदा हरलेली ती.

घरी तिचा नवरा अजिंक्य पंप दुरुस्त करून नुकताच आला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. "डॉक्टर येतील तेव्हा येतील. तू आईला काही सांगू नकोस. ती सगळ्यांच्या आधी नको म्हणेल. बाळ होऊ दे, मग बघू."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण प्रतीक्षाला राहून राहून वाटत होतं, पहिल्या वेळी आपल्याला कुणी सांगितलं असतं तर. ती स्वयंपाकघरात गेली. मालन भाकरी थापत होती. प्रतीक्षानं तिथंच बसून, काही न लपवता, सगळं सांगितलं.

मालनचा हात परातीतच थांबला.

"म्हंजी माज्या तोंडात किडा सोडलास."

"मला माहीत नव्हतं, आत्या. खरंच."

"म्या दुकानदाराला भर बाजारात लबाड म्हणले. पोरींची डोकी दुकली ती माज्या डबीनं." मालननं पीठ झटकलं. "तुला नगं हुती, तर तू नगं लावू. म्या कवा आडवी आले? माजी चव का काढून घेतलीस?"

त्या संध्याकाळी मालन कुणाशीच बोलली नाही, आणि ज्या घरात मालन बोलत नाही ते घर घर वाटत नाही.

डॉ. मुलाणी शेडमध्ये आल्या. पट्टा बंद करून त्यांनी ओळीसमोर सगळं उघड सांगितलं, हात जोडून माफी मागितली. बायका आधी बिचकल्या, दोघी-तिघी जाऊन थुंकून आल्या. मग शालन म्हणाली, "म्हंजी बाई, मला वीस वरसात जे जमलं न्हाय, ते आवळ्याच्या गोळीनं झालं? आन् मला म्हाईतच न्हाय?" आणि ओळीत हशा पिकला. मग प्रश्न सुरू झाले. नातवाचा मुका घेतला तर चालेल का? दात पडतील का? मशेरी लावत राहिलं तर? डॉक्टरांनी हेही सांगितलं की निकोटीन गेलं तरी मशेरीतली बाकीची विषं तशीच राहतात, त्यामुळं जिवाणू असो-नसो, डबी बंद झालेलीच बरी.

वजनकाट्याच्या खोलीत एकेक बाई एकटी जाऊन आपलं म्हणणं सांगून आली. कोण काय म्हणाली ते बाहेर कळायचं नव्हतं, पण बाहेर येतानाच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. मालन शेवटी गेली. तिला वेळ लागला. ती बाहेर आली आणि ओळीकडं तोंड करून उभी राहिली.

"उगं एकमेकीकडं संशयानं बगू नगा. म्या न्हाय म्हणले."

मालनचा तो हक्क होता, आणि डॉ. मुलाणींनी तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी एकेकीला औषधाची चूळ भरायला लावली. प्रतीक्षाची पाळी आली तेव्हा तिचे डोळे वाहत होते. तिला आयुष्यात एवढा कुणाचा राग आला नव्हता, आणि तो राग सासूचाच होता.

"ऐका, ताई," डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाल्या. "जिवाणू गेला तरी त्यानं केलेलं काम गेलेलं नाही. निकोटीनची वाट बघणारी मेंदूतली केंद्रं इतक्या आठवड्यांत शांत झाली आहेत. ती आता झोपलेली आहेत असं समजा. पहिली चिमूट त्यांना जागं करते. ती पहिली चिमूट तेवढी टाळा. हे तुम्हा सगळ्यांनाच लागू आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतीक्षा जागी झाली ती वासानं. मागल्या पडवीत चुलीवर मालन तंबाखू भाजत होती. उग्र, कडवट, ओळखीचा धूर खिडकीतून आत आला. प्रतीक्षाच्या तोंडाला पाणी सुटलं. हिरड्या शिवशिवल्या. तिनं उशीत तोंड खुपसलं, पण वास उशीतही होता. ती उठली आणि पडवीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आत्या, एक चिमूट द्या."

आपण हे म्हणालो, यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. मालनचं उलथनं तव्यावर थांबलं.

"न्हाय."

"का? तुम्ही लावणार, मग मला का नको?"

"पोट बग तुजं. न्हाय म्हणले न्हवं?"

"गेल्या खेपेला तर न मागता दिली होतीत."

हे दोन वर्षांत दोघींनी एकमेकींना कधी म्हटलं नव्हतं. प्रतीक्षाला शब्द परत घ्यावेसे वाटले, पण ते बोलून झाले होते. तव्यावरची तंबाखू जळायला लागली तरी मालन हलली नाही.

"त्येनंच गेली का गं ती?" तिनं विचारलं. तिचा खणखणीत आवाज कुठंतरी गेला होता.

नाही म्हणणं सोपं होतं. प्रतीक्षा उंबऱ्यावर बसली.

"माहीत नाही, आत्या. मी मॅडमना विचारलं होतं. एका बाळाचं असं सांगता येत नाही म्हणाल्या. मशेरी लावणाऱ्या बायकांची बाळं जास्त करून बारकी होतात, लवकर येतात, त्यातली काही जातात. आपली त्यातली होती का, ते कुणालाच सांगता यायचं नाही."

"म्हंजी आसंल."

"असेल."

मालननं तवा खाली उतरवला. "मला वाटलंच हुतं. डाक्टरणीनं तुला पैल्यांदा सांगितलं आन् तू घरी यिऊन बोललीस, तवाच वाटलं. म्हणून तर म्या मानत नव्हते. काल त्या खोलीत म्या व्हय म्हणले असते, तर मशेरी वंगाळ हाय हे माज्या तोंडानं कबूल झालं असतं. मग माज्या ह्या बोटाचं म्या काय करू?" तिनं उजवं बोट पुढं केलं. मशेरीनं ते कायमचं तपकिरी झालेलं होतं.

प्रतीक्षाचा सगळा राग कुठल्या कुठं गेला. तिनं ते बोट हातात घेतलं.

"मी पाणीसुद्धा ओकत होते. तुम्ही शेडला दांडी मारून मला मांडीवर घेऊन बसला होता. तुमच्या आईनं तुम्हाला जे केलं, तेच तुम्ही मला केलं. तुम्ही मला औषध म्हणून दिलं, आत्या. मी तेव्हाही तुमचे उपकारच मानले होते. आताही मानते."

"मला कुणी सांगितलं न्हाय गं."

"कुणालाच कुणी सांगितलं नव्हतं."

मालन उठली. तवा तसाच उचलून तिनं परड्यातल्या उकिरड्यावर उपडा केला आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. परत येऊन तिनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

"त्या किड्याला ठिवून घेतलं असतं तर लई सोपं झालं असतं," ती स्वतःशीच पुटपुटली. "आता झक मारत सोताच कराय पायजे."

त्या दिवशी सुट्टीत ओळ डबीची वाट बघत होती. मालननं पिशवीतून भाजलेला ओवा आणि बडीशेप काढली.

"डबी न्हाय. हिचं बाळंतपण हुईस्तोवर माज्या वळीत तंबाखू येणार न्हाय. जिला लावायची तिनं पलीकडच्या पट्ट्यावर बसावं. माजा राग न्हाय."

"काल किडा व्हता तर न्हाय म्हणलीस," शालन म्हणाली, "आन् आज सोताच किडा झालीस की."

मालनही हसली. फार दिवसांनी हसली. पलीकडच्या पट्ट्यावर कुणी गेलं नाही.

पुढचे दोन महिने सुखाचे गेले असं कुणी म्हणणार नाही. तलफ शरीरातून गेली होती, पण हात सवयीनं कनवटीला जायचा. जेवण झालं की तोंडाला काहीतरी हवं व्हायचं. मालन आणि प्रतीक्षा एकाच वेळी चिडायच्या, भांड्यांची आदळआपट व्हायची आणि अजिंक्य ताट घेऊन अंगणात जेवायला बसायचा. शालननं एकदा बाजारात चोरून मशेरी लावली, आणि मग आपणच येऊन ओळीला सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या. प्रतीक्षाला जिथं म्हणून वास यायचा, तिथं कुणीतरी तिच्या आधी पोचलेलं असायचं. एखाद्या घरी तवा तापला की शेजारीण भिंतीवरून ओरडायची, "अगं, जाधवांची सून ह्याच वाटनं जातीया." आपल्या पोटातल्या बाळावर सगळ्या गावानं पहारा बसवलाय, हे प्रतीक्षाला रोज जाणवायचं, आणि रोज तिचा ऊर भरून यायचा. डॉ. मुलाणी दर आठवड्याला येऊन सगळ्यांचं रक्त तपासायच्या. प्रयोग बंद झाला होता. त्या आपणहून यायच्या.

एकदा त्या म्हणाल्या की वरच्या समितीनं धोंडेवाडीचा अहवाल वाचलाय. यापुढं राखण एकेका बाईला देणार नाहीत. तिच्या घरातल्या आणि कामावरच्या बायकांना आधी एकत्र बसवून विचारणार. "तुम्ही नाही म्हणालात म्हणून हे झालं, मालनताई. मला तुमचे आभार मानायचेत."

"माजं कशाला?" मालन म्हणाली, पण तिला बरं वाटलेलं दिसत होतं.

ज्येष्ठ सरताना, पुरते दिवस भरून, तालुक्याच्या दवाखान्यात प्रतीक्षाला मुलगी झाली. पावणेतीन किलोची, आणि आजीच्याच आवाजाची. ती अशा ताकदीनं रडली, की बाहेर बाकावर बसलेल्या शालननं डोळ्यांना पदर लावला. अजिंक्य डॉ. मुलाणींच्या पाया पडायला वाकला आणि त्यांनी त्याला वरच्या वर उठवलं.

नर्सनं गुंडाळलेलं बाळ मालनच्या हातात दिलं आणि सहज विचारलं, "पहिलंच का, आजी?"

अशा प्रश्नाला हो म्हणून मोकळं व्हायची घरातली रीत पडली होती. दुःख कशाला उगाळा, म्हणून.

"दुसरं," मालन म्हणाली. "पैली पोरगी हुती. बारकी हुती, जगली न्हाय. म्या तिच्या आईला मशेरी लावली हुती. मला म्हाईत नव्हतं."

खाटेवरून प्रतीक्षानं हात पुढं केला. "आत्या, इकडं या. माझ्याजवळ बसा."

मालन खाटेच्या कडेला बसली. बाळाला तिनं सुनेच्या कुशीत ठेवलं आणि त्याच्या मुठीत आपलं बोट दिलं. बाळानं ते घट्ट धरलं.

"हिला सांगत जा," मालन म्हणाली, "तुला थोरली भण हुती म्हणावं. ती आली नसती तर मला काय कळलं नसतं, आन् तू अशी आली नसतीस. तिचं उपकार हायती समद्यांवर."

"आपण दोघी सांगू," प्रतीक्षा म्हणाली.